बांगडीच्या मधला तारा

माझं नाशिकला चष्म्याचं दुकान आहे. आतल्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत मी दिवसभर एकच प्रश्न विचारत असतो, "हे बरं की ते बरं?" एकतीस वर्षं हेच चाललंय. झोपेतही विचारतो, असं संध्याचं, म्हणजे माझ्या बायकोचं म्हणणं आहे. अशा माणसाने काढलेल्या फोटोंत तारे साबुदाण्यासारखे फुगलेले यावेत, ही गोष्ट मी दुकानात कुणाला कळू दिलेली नाही.

दुर्बिणीला कॅमेरा जोडून आकाशाचे फोटो काढायचा नाद मला पन्नाशीला लागला. लक्ष्यं मोठी असतात तोवर हा नाद सुखाचा असतो. आकाशगंगेचा पट्टा, कृत्तिकांचा पुंजका, मृगातला तेजोमेघ ही मंडळी ऐसपैस असतात, थोडंफार चुकलेलं सांभाळून घेतात. माझं मन मात्र बसलं अभिजित ताऱ्याजवळच्या एका इवल्याशा कड्यावर. शास्त्रात त्याला कंकणाकृती तेजोमेघ म्हणतात. म्हातारपणी एका ताऱ्याने आपली वरची साल बाहेर फेकली, तिचं हे कडं झालं. साध्या फोटोत ते ठिपक्याएवढं येतं. मोठं करायचं तर दुर्बीण आणि कॅमेऱ्याच्या मध्ये आणखी एक भिंग लावावं लागतं, आणि ते भिंग कड्याबरोबर सगळंच मोठं करतं. हाताचा धक्का, यंत्राची अडखळ, फोकसमधली केसभर चूक, सगळं. पाच वर्षं मी आमच्या गच्चीवर बसून स्क्रू पिळले. कडं मोठं आलं, पण मेदूवड्यासारखं. आणि कड्याच्या मधोमध जो बारीकसा तारा असतो, ज्याच्यामुळे हे सगळं झालं तो, माझ्या फोटोत एकदाही आला नाही. तारे फुगले की तो बिचारा पसरतो आणि कड्याच्या उजेडात विरून जातो.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण गेल्या थंडीत यमुनाआक्का दुकानात आल्या.

आक्का सटाण्याच्या पलीकडच्या एका गावात राहतात. घरची कांद्याची शेती. शेत मुलगा पाहतो, पण कांदाचाळीचा कारभार अजून त्यांच्याकडे आहे. खुर्चीवर बसल्या बसल्या त्या म्हणाल्या, "भाऊ, मले मधलंच दिसत नही. कडंकडंनं दिसस." डोळ्याच्या डॉक्टरांनी त्यांना सांगितलं होतं की पडद्याचा मध्यभाग झिजलाय, गेलं ते परत येणार नाही, आणि मधला डाग हळूहळू वाढत जाईल. तरीही एखादा जाड नंबर मिळतो का, या आशेने त्या आल्या होत्या. मी काचा बदलून पाहिल्या. हे बरं, ते बरं, काहीच बरं नव्हतं. नंबर देऊन उपयोग नाही, हे मी सरळ सांगितलं.

पण रिकाम्या हाताने पाठवणं जिवावर आलं. म्हणून म्हणालो, "आक्का, माझ्या तोंडाकडे बघू नका. माझ्या कानाकडे बघा."

त्यांनी मान जराशी वळवली, कानाच्या पलीकडे कुठेतरी नजर लावली, आणि एकदम हसल्या. "भाऊ, तुमले मिशी शे!"

ही युक्ती कुठे शिकलात, असं त्यांनी विचारलं. मी सांगितलं की आम्ही आकाश बघणारे अंधुक गोष्टी अशाच बघतो, थोडं बाजूला पाहून. मग ओघाने कड्याचं सांगितलं. "बांगडीसारखं दिसतं," म्हणालो.

"आनी मधे काय शे?"

"मधे एक तारा आहे. पण मला तो अजून सापडला नाही."

आक्का म्हणाल्या, "मंग माझ्या डोळ्यासारखंच शे ते. कडा शे, मधे नही." आणि उठता उठता, "मधे खरंच शे का भाऊ, का पुस्तकमा लिहेल शे म्हनून सांगतस?"

मला तो प्रश्न लागला. मी म्हणालो, "खरंच आहे. तुम्हाला दाखवीन."

"मंग आखाजीले या. आमनाकडे अंधार भरपूर शे."

आखाजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, शब्द तर देऊन बसलो. त्यांचा डाग वाढत होता. यंदा जेवढं दिसतंय तेवढं पुढच्या आखाजीला दिसेल याची खात्री त्यांनाही नव्हती, मलाही नव्हती.

भावडबारीच्या पलीकडे

आखाजीच्या आदल्या दिवशी दुपारी निघालो. मागच्या सीटवर दुर्बीण पट्टा लावून आडवी झोपली होती आणि तिच्या तोलाची लोखंडी वजनं संध्याच्या पायाशी होती. "लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, अजून तुझी वजनं मीच सांभाळते," ती म्हणाली. मी ऐकू न आल्याचं दाखवलं.

सोग्रस फाट्याला महामार्ग सोडला आणि भावडबारीचा घाट ओलांडला की मुलूख बदलतो. नाशिककडचे द्राक्षांचे मांडव संपतात. उघडे, भाजलेले डोंगर, मधूनच डाळिंबाच्या बागा, आणि घराघरापुढे कांद्याच्या चाळी. सटाणा सोडून मुल्हेरच्या रस्त्याला लागलो तेव्हा ऊन उतरलं होतं. दूरवर मांगी-तुंगीचे सुळके दिसत होते. रस्त्यावर माहेरी निघालेल्या लेकीबाळींची गर्दी होती. आमच्या नाशिकमध्ये अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस आणि सोनाराच्या दुकानातली रांग. इकडे ती आखाजी होते, आणि लेकींचा सण होते.

आक्का फाटकातच उभ्या होत्या. माझ्या कानाच्या बाजूला बघून त्यांनी मला ओळखलं आणि त्या दोन्ही हातांनी संध्याचा चेहरा चाचपून तिला आत घेऊन गेल्या. मी दुर्बीण उतरवून ओट्यावर ठेवली, वजनं आणायला गाडीकडे गेलो, आणि वळून बघतो तर आक्का हळदीकुंकवाची कोयरी घेऊन दुर्बिणीच्या तोंडापाशी!

"आक्का, थांबा!" मी ओरडलो.

पण तोवर ठसठशीत बोट उमटलं होतं. या घरात ट्रॅक्टर आला तरी आधी कुंकू, पाण्याची मोटर आली तरी आधी कुंकू. दुर्बिणीने काय घोडं मारलं होतं? नशिबाने टोपण लावलेलं होतं, म्हणून आतला आरसा वाचला. टोपणावरचा तो लाल ठिपका मी अजून पुसलेला नाही.

आक्कांच्या मुलाने, भास्करने, दुर्बिणीसाठी जागा तयार ठेवली होती. सिमेंटचं खळं झाडून, पाणी मारून, वर रांगोळी काढून. जवळ विजेचं बटण. पूर्वेच्या अंगाला लांबलचक कांदाचाळ, वर पत्रा, बाजूंना हवा खेळायला फटी ठेवून ठोकलेल्या पट्ट्या. "वारा अडेल बघा चाळीनं," भास्कर म्हणाला. "दुर्बीण हलायची नाय." सपाट जागा, पक्की जमीन, वीज हाताशी, वाऱ्याला आडोसा. मी खूश होऊन त्याची पाठ थोपटली.

जेवायला शेवभाजी, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि बुक्कीने फोडलेला कांदा होता. शेवभाजीचा पहिला घास घेतल्यावर संध्याच्या डोळ्यांतून पाणी आलं. आक्का तिला म्हणाल्या, "रडू नको माय, माहेर समज." सगळे हसले, आणि संध्याने दुसरी भाकरी मागून घेतली.

खळ्यावरची रात्र

तिजेच्या आधीची चंद्रकोर लवकर मावळली. भास्करने अंगणातले दिवे घालवले आणि मग जे आकाश उघडलं ते पाहून मी काही वेळ यंत्राला हातच लावला नाही. आमच्या गच्चीवरून एवढे तारे मी कधी पाहिले नव्हते.

पहिलीच माशी शिंकली ती जाळीवरून. फोकस अचूक लागावा म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर एक कापलेल्या पट्ट्यांची जाळी लावतात. तिच्यामुळे ताऱ्याला किरणांच्या मिशा फुटतात आणि त्या मिशा सांगतात की फोकस लागला की नाही. ती जाळी पेटीत नव्हती.

"निळी, गोल, प्लॅस्टिकची?" संध्याने विचारलं. "ती डायनिंग टेबलावर आहे. मला वाटलं, गरम भांड्याखाली ठेवायची आहे. दोन दिवस मी कुकर ठेवतेय तिच्यावर."

मी कपाळाला हात लावला. संध्या मात्र उठली, चाळीपाशी गेली आणि कांद्याची लाल जाळीची रिकामी गोणी घेऊन आली. ती आम्ही दुर्बिणीच्या तोंडावर ताणून नाडीने बांधली. अभिजितकडे दुर्बीण वळवली तर ताऱ्याला चार बाजूंनी मिशा! फोकस लागत आला की त्या बारीक आणि लांब होत, हुकला की जाड. काम झालं. गोणी सोडली आणि कड्याकडे वळलो. अभिजित आणि ते कडं, दोन्ही चाळीच्या पत्र्यावरून वर चढत होते.

आणि तिथून पुढे सगळं बिघडलं. लॅपटॉपवर तारा दिसत होता, पण एका जागी राहत नव्हता. फुगत होता, फाटत होता, पुन्हा गोळा होत होता. संध्या म्हणाली, "हा उकळतोय रे." मी आरसे पुन्हा एका रेषेत आणले. ध्रुवाकडचा अक्ष पुन्हा तपासला. वजनं सरकवली. दर अर्ध्या तासाने भास्कर चहा घेऊन यायचा, आणि प्रत्येक चहाबरोबर एक फोटो हलायचा. पाहुण्याला चहा नको म्हणणं त्या घरात बसत नव्हतं. शेवटी मी त्याचा राग संध्यावर काढला, टॉर्च लावला म्हणून. ती टॉर्च माझ्या हातात देऊन झोपायला निघून गेली. पहाटेपर्यंत मी शेकडो फोटो घेतले आणि त्यातला एकही धड नाही, हे मला बसल्या जागी कळत होतं.

आखाजी

सकाळी उठलो तेव्हा पूर्वजांच्या नावाने घागर भरून झाली होती आणि मागच्या अंगणात उपड्या खापरावर मांडे चालू होते. पुरण भरलेली पोळी हातांवर झेलत झेलत कोपरापर्यंत मोठी करायची आणि खापरावर टाकायची. आक्का हे काम डोळे जवळजवळ मिटून करत होत्या. "हे दिसाले लागत नही," म्हणाल्या. संध्याने हौसेने एक मांडा घेतला. तो तिच्या हातावर फाटला आणि पुरण थेट चुलीत पडलं. माझ्या मनातून रात्रीचं भांडण जाईना, म्हणून मी आपणहून जाऊन म्हणालो, "चुकलो." ती म्हणाली, "मांडा फाटल्यावर माफी मागतोस होय," आणि हसली.

मांडे आणि आमरस झाल्यावर भास्करने तो विषय काढलाच. "आक्काला फोटो दाखवा ना. टीव्हीला लावू." त्याचा टीव्ही अर्धी भिंत व्यापेल एवढा होता. मी रात्रीचे त्यातल्या त्यात बरे फोटो एकावर एक बसवून एक चित्र केलं होतं. ते टीव्हीवर आलं. माहेरी आलेल्या पुतण्या, भास्करची बायको, शेजारची माणसं, सगळी म्हणाली, छान आहे. भास्कर म्हणाला, "एकदम इंटरनेटसारखं."

आक्का टीव्हीजवळ गेल्या. मान वळवून, नजर चौकटीच्या बाहेर लावून बराच वेळ उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "भाऊ, राग नका येऊ देऊ. धुरकट दखाले मले फोटू कशाले पाहिजे? तसं तं मले रोजच दिसस."

माझे कान तापले. पाच वर्षांत माझ्या फोटोंना कुणी इतकं स्पष्ट नापास केलं नव्हतं, आणि वाईट याचं वाटलं की त्यांचं बरोबर होतं. दुपारी मी सामान आवरायला घेतलं. संध्याने पेटीचं झाकण बंद केलं आणि त्यावर बसली. "अजून एक रात्र आहे," म्हणाली. "त्यांनी तुला जा म्हटलेलं नाही. नीट काढ म्हटलंय."

संध्याकाळी कडुलिंबाच्या झाडाला बांधलेल्या झोक्यावर लेकींची गाणी सुरू झाली. आक्का चाळीच्या फेरीला निघाल्या, आणि मला करमेना म्हणून मीही मागून गेलो. त्या चाळीच्या कडेकडेने चालत होत्या, फटींतून हात घालत, नाक लावत. कुठे कांदा सडायला लागला तर त्यांना वासाने कळतं, आणि कुठे आत ऊब साठली तर हाताने. एका जागी थांबून त्यांनी माझं मनगट धरलं आणि माझा हात वरच्या फटीपाशी नेला.

"आठे हात लावा, भाऊ."

आतून गरम, कोंदट झोत येत होता. बाहेर हवा निवली होती, आणि चाळ मात्र तापलेलीच होती.

"कांदाले वारा लागस," आक्का सांगू लागल्या. "चाळ दिनभर तापस, रातभर सोडस. गरम वारा वरथून निंघी जास. नही निंघना तं कांदा सडी जास."

मी तसाच फटीपाशी हात धरून उभा राहिलो. मग पाठीमागे वळून खळ्याकडे पाहिलं. दुर्बीण तिथेच होती, रांगोळीच्या मधोमध, आणि तिचं तोंड सरळ या पत्र्यावरून जाणाऱ्या आकाशाकडे. रात्रभर मी या झोतातून कडं बघत होतो. तापलेल्या रस्त्यावर पलीकडचा माणूस थरथरताना दिसतो, तसाच माझा तारा थरथरत होता. शिवाय दुर्बिणीखालचं ते सिमेंटसुद्धा रात्रभर ऊब सोडत होतं. तापलेल्या छपरावरून नेम धरू नये, हे मी पुस्तकात वाचलं होतं, दोघातिघांना शिकवलंही होतं. पण चाळ म्हणजे छप्पर, हे डोक्यातच आलं नाही. तिला मी कांदे ठेवायची जागा समजत होतो.

आणि मग नाशिकची आमची गच्ची आठवली. भोवती सगळीकडे शेजाऱ्यांचे स्लॅब. पाच वर्षं मी तिथे बसून निर्दोष स्क्रूंना दोष देत होतो.

"आक्का," मी विचारलं, "तुमच्या शेतात रात्री सगळ्यांत गार जागा कुठली?"

त्यांनी विचारसुद्धा केला नाही. "घासना वाफा."

घासाच्या वाफ्यात

घास म्हणजे गुरांचा हिरवा लसूणघास. वाफा विहिरीच्या खालच्या अंगाला होता, घर आणि चाळ दोन्ही मागे टाकून, आणि पूर्वेला नुसतं उघडं रान. जमीन ओलसर होती. दुर्बिणीचे पाय रुतू लागले तेव्हा भास्करने फरशीचे तीन तुकडे आणले. वीज नव्हती, म्हणून गाडीची बॅटरी काढून आणली. मी टोपण काढून आरसा निवायला दुर्बीण तासभर उघडी ठेवली. रात्री मोटरला वीज येणार होती, पाणी भरायची पाळी भास्करची होती. तो म्हणाला, "मोटर चालू केली तर जमीन हादरंल. पाणी उद्या भरू." चहाची सक्त मनाई संध्याने जाहीर केली.

आक्का बाजेवर येऊन बसल्या. कॅमेरा लावण्याआधी मी साधी बघायची काच लावली आणि त्यांना बोलावलं. संध्याला पहिल्यांदा ते कडं सापडायला दहा मिनिटं लागली होती. आक्कांनी डोळा लावला, मान थोडी कलती केली, आणि लगेच म्हणाल्या, "शे. धुराची बांगडी शे." बाजूला पाहून बघायची त्यांना आता रोजची सवय होती.

"पण मधे काही नही," त्या म्हणाल्या.

"ते या दुर्बिणीतून डोळ्यांना दिसत नाही, आक्का. मलाही नाही. कुणालाच नाही."

"कुनालेच नही?" त्यांना त्याचं भलतंच समाधान वाटलं. त्या हसत हसत बाजेवर जाऊन आडव्या झाल्या.

मग गोणी बांधली. मी दुर्बिणीपाशी, संध्या लॅपटॉपपाशी. मी बटण केसभर फिरवायचो आणि विचारायचो, "हे बरं की ते बरं?"

"आधीचं बरं."

"आता?"

"आता... थांब. थांब, हलवू नकोस." तिचा आवाज बदलला होता. मी जाऊन पाहिलं. चार मिशा सुईसारख्या, आणि त्यांच्या मुळाशी तारा मोहरीएवढा, स्थिर. मधूनच तो किंचित थरथरायचा आणि पुन्हा शांत व्हायचा. मी गोणी सोडून कड्याकडे वळलो.

लांबलचक एक फोटो घेण्याऐवजी सहा सहा सेकंदांचे असंख्य फोटो घेत गेलो, म्हणजे हवा थरथरली तेवढेच टाकून देता येतात. एकदा एक गाय घंटा वाजवत बांधापर्यंत आली आणि भास्करने तिला कुजबुजत हाकललं. गाईला कुजबुजून हाकलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. दूर झोक्यावरची गाणी केव्हातरी थांबली. आक्का मधूनच विचारायच्या, "उना का?" म्हणजे आला का. मी म्हणायचो, "सकाळी कळेल." एकेका फोटोत इतका मंद तारा उठून दिसत नाही. ते सगळे एकमेकांवर बसवले की कळतं. मला खरोखरच माहीत नव्हतं. पण तारे बारीक होते, आणि पाच वर्षांत पहिल्यांदा मी स्क्रूला हात न लावता नुसता बसून आकाश बघत होतो.

टीव्हीसमोर

सकाळी मी ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. निम्मे फोटो टाकून दिले, उरलेले एकावर एक बसवले. काम संपलं तेव्हा मी कुणाला हाक मारली नाही. आधी संध्याला पडदा दाखवला. तिने बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि पदराने डोळे पुसले. या वेळी शेवभाजी नव्हती.

कडं बाहेरून तांबूस, आतून निळसर हिरवं. भोवती टाचणीच्या टोकासारखे तारे. आणि मधोमध, त्या निळसर काळोखात, एक पांढरा ठिपका.

पण माझी खरी भीती पुढे होती. आक्का भल्या बाई. मी दोन रात्री जागलो हे त्यांनी पाहिलेलं. मी आता "दिसतोय ना?" असं विचारलं, तर माझं मन राखायला त्या हो म्हणतील. माझ्या दुकानात अशी माणसं रोज येतात. तक्ता पाठ करून येतात, किंवा मला बरं वाटावं म्हणून अक्षरं ठोकून देतात. त्यांच्यासाठी मी तक्ता बदलतो.

म्हणून मी दोन्ही चित्रं टीव्हीवर लावली. आधी खळ्यावरचं. कुणालाच काही सांगितलं नाही. कडं मुद्दाम पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात सरकवलं होतं.

आक्का जवळ गेल्या. मान वळवली. बोट पुढे करून कड्याच्या कडेकडेने फिरवलं, मग आत नेलं आणि थांबल्या.

"आठे नही," म्हणाल्या.

मी दुसरं चित्र लावलं. या वेळी कडं उजवीकडे, वरच्या अंगाला, ताटाएवढं मोठं. सवयीने तोंडून निघून गेलं, "हे बरं की ते बरं?"

आक्का टीव्हीला नाक लागेल इतक्या जवळ गेल्या. मान एकीकडे केली, मग दुसरीकडे, मग खिडकीबाहेर बघावं तशी पार लांब नजर नेली. भास्करने पंखा बंद केला, का ते त्यालाच माहीत. आक्कांचं बोट वर गेलं, कड्यावरून घसरलं, आत आलं, जरा डावीकडे सरकलं, आणि टेकलं.

मी पुढे होऊन बघितलं. न्याहारीच्या शिळ्या मांड्यांचं तूप लागलेलं ते बोट नेमकं त्या पांढऱ्या ठिपक्यावर होतं.

"शे," आक्का म्हणाल्या. त्यांनी बोट उचललं नाही. "मधे शे, भाऊ."